पोरगं चणीनं लहान आहे, म्हणून हॉकीतून बाद करायचं का? निवडीआधी काय बघावं, समजून घ्या

शालेय हॉकीच्या संघनिवडी लागल्या की जिथं जिथं हॉकी खेळली जाते त्या मैदानावर एक वाक्य हमखास कानावर पडतं. "खेळतंय चांगलं, पण अंगात काही नाही." एवढं बोलून पोराला बाजूला बसवलं जातं आणि त्याच्यापेक्षा वीतभर उंच पोराच्या हातात स्टिक जाते.

हा निर्णय दोन मिनिटांत होतो, पण त्याचा परिणाम बरीच वर्षं राहतो. १३ व्या वर्षी बाद झालेलं पोरगं बहुतेक वेळा परत मैदानावर येत नाही. मुलगी असेल तर घरचे म्हणतात, झालं तेवढं पुरे, आता अभ्यास कर. याच्या उलटही होतं. "उंचीचं काय घेऊन बसलात, आमची पोरगी इंडिया खेळणार" असं म्हणून कमजोरीकडं डोळेझाक केली जाते. मग वसतिगृह, प्रवास, बूट, स्टिक यात घरचा पैसा जातो, पोरीची दोन-तीन वर्षं जातात आणि शेवटी हाती काही लागत नाही.

दोन्ही गोष्टी टाळायच्या असतील तर चणीनं लहान खेळाडूची ताकद आणि कमजोरी वेगवेगळी मांडता आली पाहिजे. त्यासाठी पालकांना मोठा कोच असायची गरज नाही. एक वही, एक मोबाइल आणि थोडा धीर एवढं लागतं.

हॉकीत उंची नक्की किती लागते?

आधी खेळ समजून घेऊ. व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांची जाळी २.४३ मीटर आणि महिलांची २.२४ मीटर उंचीवर असते. तिथं उंच माणसाला सरळ फायदा आहे. हॉकीचं तसं नाही. हॉकीचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो आणि बहुतेक वेळ जमिनीवरच फिरतो. खेळाडूला गुडघ्यात वाकून, पाठ खाली घेऊनच खेळावं लागतं. उंच पोराला जास्त वाकावं लागतं, ठेंगण्याला कमी. वळताना, थांबताना, एकदम दिशा बदलताना ज्याचा तोल जमिनीच्या जवळ असतो त्याला सोपं जातं.

मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असतं. १५-१५ मिनिटांचे चार भाग खेळायचे असतात. एवढ्या मैदानावर तासभर पळायचं म्हणजे दम आणि वेग लागतो. ते उंचीवर ठरत नाही.

जगातली उदाहरणंही आहेत. ऑस्ट्रेलियाचा जेमी ड्वायर साधारण १७२ सेंटिमीटर उंचीचा. म्हणजे आपल्याकडच्या चारचौघांसारखाच, आणि त्यांच्या देशाच्या मानानं ठेंगणा. पण जगातला सर्वोत्तम हॉकीपटू हा मान त्याला पाच वेळा मिळाला. आपल्या पुण्याच्या खडकीतला धनराज पिल्ले अंगानं काटकच होता. तो चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळला. समोरचे युरोपियन बचावपटू त्याच्यापेक्षा धिप्पाड असायचे, पण तो त्यांच्या अंगावर जायचाच नाही. त्यांचा पाय उचलला जाण्याआधी बाजूनं निघून जायचा.

मग उंची कुठं नडते?

नडत नाही असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पाच ठिकाणी चण लहान असण्याचा खरा तोटा होतो.

१) गोलकीपर: गोलपोस्ट ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो. वरच्या कोपऱ्यातला बॉल अडवायला हात-पाय लांब असलेले बरे.

२) ड्रॅग फ्लिक: पेनल्टी कॉर्नरवर बॉल ओढत आणून गोलात फेकायचा असतो. लांब हात, लांब ढांग आणि कंबर-पाठीची ताकद असेल तर बॉलला वेग जास्त मिळतो.

३) टॅकल: बॉल काढून घेताना स्टिक लांबवर पोचावी लागते. हात आखूड असतील तर समोरचा खेळाडू तेवढ्यानं निसटतो.

४) वरून येणारा बॉल: आजकाल बचावातून बॉल उचलून लांब टाकायची पद्धत वाढली आहे. तो खाली घ्यायला उंच खेळाडू सोयीचा पडतो.

५) अंगाची टक्कर: हॉकीत ढकलाढकलीला परवानगी नाही. तरीही डी मध्ये, म्हणजे गोलपुढच्या अर्धगोलात, खांद्याला खांदा लागतोच. तिथं हलकं पोरगं बाजूला फेकलं जातं.

या यादीवरून एक गोष्ट लक्षात येईल. उंची ही सगळ्या जागांवर सारखी नडत नाही. गोलकीपर आणि मधला बचावपटू यांच्यासाठी ती मोठी बाब आहे. मधली फळी, विंग आणि आतला फॉरवर्ड यांच्यासाठी बरीच कमी. म्हणून "उंची कमी आहे" हे वाक्य अर्धवट आहे. "कोणत्या जागेसाठी कमी आहे" हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

राणी रामपालला आधी नाकारलं होतं

हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यातलं शाहाबाद मारकंडा हे गाव मुलींच्या हॉकीसाठी ओळखलं जातं. तिथल्या राणी रामपालचे वडील गाडा ओढून घर चालवायचे. राणी लहानपणी मैदानावर गेली तेव्हा कोचनी तिला घेतलं नाही. कारण साधं होतं. पोरगी कुपोषित दिसत होती, सराव झेपेल असं वाटत नव्हतं. राणीनं हे स्वतः नंतर जाहीरपणे सांगितलं आहे. मोडकी स्टिक घेऊन ती बाजूला खेळत राहिली आणि विनवणी करत राहिली. शेवटी कोचनी संधी दिली. रोज अर्धा लिटर दूध घेऊन यायचा नियम होता. घरची ऐपत २०० मिलिलिटरची. ती त्यात पाणी मिसळून न्यायची.

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २०१० च्या विश्वचषकात वयाच्या १५ व्या वर्षी तिनं ७ गोल केले. २०१३ च्या ज्युनियर विश्वचषकात भारताच्या मुलींनी कांस्यपदक मिळवलं आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू राणीच ठरली. २०१९ मध्ये भुवनेश्वरला अमेरिकेविरुद्ध ऑलिम्पिकची पात्रता पक्की करणारा गोल तिचाच. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिच्या कप्तानपदाखाली भारतीय महिला संघ चौथा आला.

ही गोष्ट भाषणात नेहमी सांगितली जाते, पण त्यातून घ्यायचा धडा वेगळा आहे. पहिल्या दिवशी कोचनी जे बघितलं ते खोटं नव्हतं. पोरगी खरंच अशक्त होती. पण अशक्तपणा ही कायमची गोष्ट नव्हती. खाणं आणि सराव मिळाल्यावर तो गेला. हातातली कला आणि गोलाची नजर मात्र बाहेरून आणून घालता आली नसती. आज दिसणारी कमजोरी भरून निघणारी आहे की कायमची, हा प्रश्न निवड करणाऱ्यानं आधी विचारायला हवा.

आणि हेही खरं की प्रत्येक अशक्त पोरगी राणी होत नाही. म्हणूनच नीट तपासून बघायचं.

उंची आज कमी आहे की पुढंही कमीच राहणार?

एकाच वर्गातली दोन पोरं, दोघंही १३ वर्षांची. एकाला मिसरूड फुटलेलं, दुसरं अजून चौथीतल्या पोरासारखं दिसतं. दोघांचं कागदावरचं वय एक असलं तरी शरीराचं वय दोन-तीन वर्षांनी मागं-पुढं असू शकतं. मुलींची उंची साधारण ११-१२ व्या वर्षी झपाट्यानं वाढते, मुलांची १३-१४ व्या वर्षी. पण कुणाचं लवकर होतं, कुणाचं उशिरा. एकाच दिवशी पेरलेल्या रानातही सगळी रोपं एकदम फुटत नाहीत, तसंच हे.

घरच्या घरी अंदाज घ्यायला एक साधा हिशोब आहे. आई आणि वडिलांची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून बेरीज करा. मुलगा असेल तर त्यात १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा. आलेल्या आकड्याचं निम्मं करा. वडील १६५ आणि आई १५२ असेल तर मुलाचा अंदाज १६५ आणि मुलीचा १५२ येतो. हा अंदाज आहे, इकडं-तिकडं आठ-नऊ सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. पण "आज १४० आहे म्हणजे १४० च राहणार" या समजापेक्षा तो बरा.

याशिवाय तीन गोष्टी बघा.

पहिली, उंचीचा वेग. दर तीन महिन्यांनी भिंतीला उभं करून, चप्पल काढून, सकाळच्या वेळी उंची मोजा आणि तारीख टाकून लिहून ठेवा. वर्षाला ४ सेंटिमीटरही वाढत नसेल आणि वयात येण्याची लक्षणंही दिसत नसतील, तर डॉक्टरांना दाखवा. मुलींची पाळी सुरू झाल्यावरही उंची वाढते, पण वेग कमी होत जातो हे लक्षात ठेवा.

दुसरी, रक्त आणि खाणं. हिमोग्लोबिन कमी असेल तर पोरगं दमतं, मागं राहतं आणि आपण म्हणतो "अंगात दमच नाही." या वयात हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी धरलं जातं. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. दूध, अंडी, शेंगदाणे, डाळी, मोड आलेली कडधान्यं, पालेभाजी हे घरात रोज होऊ शकतं. उंची वाढवण्याच्या पावडरी आणि गोळ्यांच्या जाहिराती मोबाइलवर येतात. त्यावर एक रुपयाही घालवू नका.

तिसरी, समोरच्यांचं वय. हे कुणी उघड बोलत नाही. १४ वर्षांखालच्या स्पर्धेत कागदावर वय कमी दाखवलेली पोरं उतरवली जातात, हे मैदानावरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांच्या शेजारी खरं वय लावलेलं पोरगं बुटकंच दिसणार. आपलं पोरगं लहान आहे की फक्त खरं बोलणारं आहे, हे आधी तपासा. आणि त्यावर उपाय म्हणून आपणही दाखला बदलायच्या भानगडीत पडू नका. पुढच्या स्तरावर हाडांच्या एक्स-रेवरून वय तपासलं जातं. तिथं पकडलं गेलं तर पोराचं नाव कायमचं खराब होतं.

मोबाइलवर व्हिडिओ काढा, वहीत तीन रकाने पाडा

आता मुख्य काम. पोराचा एक पूर्ण सामना मोबाइलवर काढा. मोबाइल मैदानाच्या कडेला थोड्या उंचीवर धरा, म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा ओट्यावर. फक्त आपल्या पोरावर झूम करत बसू नका. आजूबाजूचे चार-पाच खेळाडू दिसले पाहिजेत, नाहीतर त्यानं योग्य पास दिला की चुकीचा हे कळणारच नाही.

घरी बसून व्हिडिओ दोनदा बघा. पहिल्यांदा मोजा की बॉल किती वेळा पोराकडं आला आणि त्यातला किती वेळा त्याच्या हातून गेला. दुसऱ्यांदा फक्त गेलेले बॉल बघा आणि प्रत्येक बॉल का गेला ते तीनपैकी एका रकान्यात लिहा.

अंगामुळं गेला: बॉल नीट घेतला होता, निर्णयही बरोबर होता, पण समोरच्यानं खांदा लावून काढून घेतला, किंवा स्टिक पोचली नाही, किंवा पळताना मागं पडलं.

हातामुळं गेला: बॉल स्टिकला लागून उडाला, थांबला नाही, पास वाकडा गेला, उलट्या बाजूनं घेता आला नाही.

डोक्यामुळं गेला: शेजारी मोकळा साथीदार होता तरी एकट्यानं घुसायला गेलं, तिघांच्या मध्ये शिरलं, बॉल येण्याआधी आजूबाजूला बघितलंच नाही.

या तीन रकान्यांवरून बरंच काही कळतं. अंगामुळं जाणारे बॉल वयानुसार आणि खाण्या-व्यायामानं कमी होऊ शकतात. हातामुळं जाणारे बॉल सरावानं कमी होतात. डोक्यामुळं जाणारे बॉल कमी करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि चांगला शिकवणारा लागतो. म्हणजे ज्याचे बहुतेक बॉल अंगामुळं जातात ते लहान चणीचं पोरगं खरं तर आशादायक असतं. आणि ज्याचं नुकसान डोक्यामुळं होतं, त्याची उंची वाढली तरी खेळ सुधारेलच असं नाही.

चौथी एक गोष्ट वेगळी लिहा: बॉल येण्याआधी मान वळवून बघितलं का. दहा वेळा बॉल आला, त्यातल्या किती वेळा आधी बघितलं, एवढंच मोजा. लहान चणीच्या खेळाडूचं संरक्षण यातच असतं. त्याला टक्कर झेपत नाही, म्हणून टक्कर येण्याआधी बॉल कुठं द्यायचा ते ठरलेलं पाहिजे.

एक उदाहरण घेऊन बघू

समजा, आठवीतली १३ वर्षांची मुलगी आहे. उंची १४० सेंटिमीटर, वजन ३१ किलो, मधल्या फळीत खेळते. (ही कुणी खरी मुलगी नाही, हिशोब समजावा म्हणून घेतली आहे.) सामन्यात तिच्याकडं ३० वेळा बॉल आला. २० वेळा तिनं तो नीट पुढं दिला किंवा स्वतः नेला. १० वेळा गेला. त्यातले ५ अंगामुळं, ३ हातामुळं, २ डोक्यामुळं. बॉल येण्याआधी दहापैकी ६ वेळा तिनं मान वळवून बघितलं.

तिची ताकद काय लिहायची? तीनातले दोन बॉल सुरक्षित, निर्णय बहुतेक बरोबर, नजर वर असते. कमजोरी? टक्कर झाली की बॉल जातो, उलट्या बाजूचा बॉल थांबत नाही, आणि व्हिडिओत शेवटच्या १५ मिनिटांत ती जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे दम कमी पडतो.

आता निर्णय. तिला ड्रॅग फ्लिक शिकवत बसण्यात सध्या अर्थ नाही. मधला बचाव देऊ नये. मधल्या फळीत किंवा विंगला ठेवावं. रक्त तपासावं, कारण शेवटी दमणं हे उंचीचं लक्षण नाही. सहा महिने दम आणि उलट्या बाजूचा सराव द्यावा आणि परत एक सामना मोजावा. अंगामुळं जाणारे बॉल ५ वरून ३ वर आले, तर पोरगी शिकतेय. आकडे तिथंच राहिले, तर उगीच मोठी स्वप्नं बघण्याआधी कोचशी बसून बोलावं.

एकच सामना मोजून निकाल लावू नका. समोरचा संघ फारच कच्चा किंवा फारच तगडा असू शकतो. निदान तीन सामने मोजा.

लहान चणीच्या खेळाडूला काय शिकवायचं?

सगळ्यात आधी स्टिक बघा. बऱ्याच शाळांत मोठ्यांसाठी घेतलेल्या साडेछत्तीस इंची स्टिकाच लहान पोरांच्या हातात दिल्या जातात. लांब आणि जड स्टिकनं पोराचा हात वळत नाही, बॉल पायाजवळ येत नाही आणि आपण म्हणतो याला कला नाही. स्टिक जमिनीवर उभी धरली तर तिचं टोक साधारण कमरेच्या हाडापर्यंत यावं. लहान मापाच्या स्टिका बाजारात मिळतात. निम्मी कमजोरी कधी कधी स्टिक बदलल्यावरच कमी होते.

दुसरं, बॉल घेण्याची पद्धत. समोरच्याकडं पाठ करून बॉल घेतला की मागून धक्का बसतो. अंग अर्धं वळवून, बाजूनं बॉल घ्यायला शिकवा. पहिल्याच स्पर्शात बॉल मोकळ्या जागेत गेला पाहिजे. यासाठी टर्फ लागत नाही. शाळेच्या भिंतीवर बॉल मारून परत आलेला बॉल दोन्ही बाजूंनी थांबवायचा, रोज १०० वेळा.

तिसरं, टॅकल. अंगानं भिडून बॉल काढणं तिला जमणार नाही. समोरच्याला साइडलाइनकडं ढकलत न्यायचं, म्हणजे अंगाला न लागता वाट अडवायची, आणि योग्य वेळी स्टिकचं टोक पुढं घालायचं. धीर लागतो, ताकद नाही.

चौथं, पाय. दोरीवरच्या उड्या, बैठका, १०-१० मीटरचे फेऱ्या मारून पळणं, चढावर पळणं. जड वजनं उचलायला लावू नका. शिकवणारा जाणकार जवळ नसेल तर तो नाद नकोच.

आणि मैदान. मुरमाच्या मैदानावर बॉल उसळतो, म्हणून पोरं वाकून, जपून खेळायला शिकतात. टर्फवर बॉल सरळ आणि जोरात येतो. मुरमावर सराव केलेलं पोरगं टर्फवर पहिल्या दिवशी गोंधळतं. निवड चाचणी टर्फवर असेल तर आधी दोन-चार दिवस तरी टर्फवर खेळवून आणा.

धिप्पाड पोराला सुद्धा हेच माप लावा

लहान चणीच्या पोराची बाजू घेताना उंच पोरावर अन्याय व्हायला नको. पण त्यालाही हेच तीन रकाने लावा. १३ व्या वर्षी जे पोरगं सगळ्यांना ढकलून गोल करतंय, त्यानं अंगाच्या जोरावर किती आणि हाताच्या जोरावर किती केले ते वेगळं काढा. १७ व्या वर्षी बाकीची पोरं त्याच्या अंगाला पोचतात. तेव्हा त्याच्याकडं हाताची कला नसेल तर ते मागं पडतं, आणि तोवर ज्याला आपण बाजूला बसवलं होतं त्यानं खेळ सोडलेला असतो. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

निवड चाचणीला जाताना

राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांमध्ये उंची आणि वजन मोजलं जातं हे खरं. पण तेवढंच मोजत नाहीत. ३० मीटर पळणं, शटल रन, ८०० मीटर, उड्या, मेडिसिन बॉल फेकणं, लवचिकता हेही असतं. उंचीचे गुण कमी पडणार हे माहीत असेल तर बाकीच्या ठिकाणी गुण भरून काढायची तयारी आधीच करावी. ८०० मीटर आणि शटल रन ही सरावानं सुधारणारी चाचणी आहे. त्यासाठी चाचणीच्या आदल्या आठवड्यात नाही, तर तीन-चार महिने आधी सुरुवात हवी. यंदाचे निकष, वयोगट आणि तारखा तालुका क्रीडा अधिकारी किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या पत्रकावर अवलंबून राहू नका.

गावातून पुढं जाता येतं का, असा प्रश्न असेल तर लांब जायला नको. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातून अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके भारताच्या संघापर्यंत गेल्या. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात वैष्णवी होती. एकाच तालुक्यातून दोघी जाणं हा योगायोग नसतो. तिथं लहानपणापासून पोरींना खेळायला मिळालं, एवढं नक्की.

कधी थांबायचं?

हाही प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. दोन वर्षं नीट सराव होऊनही डोक्यामुळं जाणारे बॉल कमी होत नसतील, पोराला सकाळी मैदानावर जायला रोज ओढून न्यावं लागत असेल, किंवा घरच्यांनाच जास्त हौस असेल, तर वसतिगृहाचा आणि शाळा बदलण्याचा निर्णय घेऊ नये. गावात, शाळेत खेळत राहू द्यावं. पण "उंची कमी" हे एकटं कारण थांबण्यासाठी पुरेसं नाही.

क्रीडा शिक्षकांनाही एक विनंती पालकांनी जरूर करावी. पोराला बाद करताना कारण एका ओळीत लिहून द्या. "उंची कमी" असं लिहिलं असेल तर विचारा, कोणत्या जागेसाठी? "उलट्या बाजूचा बॉल थांबत नाही" असं लिहिलं असेल तर आभार माना, कारण पुढचे सहा महिने काय करायचं ते त्यांनी सांगितलं आहे.

येत्या सामन्याला जाताना वही सोबत घ्या. पहिल्या पानावर आजची तारीख, पोराची उंची, वजन आणि स्टिकचं माप लिहा. दुसऱ्या पानावर तीन रकाने. तीन सामने झाले की ती वही घेऊन सरांकडं जा आणि शेजारी बसून बोला.